बावीस जणांची मंडळी

डभोईच्या पुढे डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत गेलं की कडुलिंबाखाली पत्र्याच्या छपराची एक खोली लागते. आत दोन सतरंज्या, एक ढोलकी, भाता फाटलेली पण अजून वाजणारी हार्मोनियम, आणि भिंतीवर गावच्या सुताराने केलेला क्रूस. रविवारी इथे उपासनेला बावीस माणसं यायची, लेकरं धरून. दोन पिढ्यांपूर्वी नवापूरकडून शेतमजुरीला आलेली ही सात घरं. कापसाच्या वेचणीला आली आणि राहिली. प्रार्थना गुजरातीत, गाणी बहुतेक मराठीत. ही मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समुदाय, बॅप्टिस्ट पंथाची आहे.

आमची वडोदऱ्यातली मराठी मंडळी बॅप्टिस्ट नाही. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला आले, ते अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेच्या रीतीभाती बरोबर घेऊनच. आमच्या घरात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. तरी गेली नऊ वर्षं मी महिन्यातून एकदा त्या खेड्यात जातो. म्हणून गेल्या वर्षी आमच्या कमिटीत त्या मंडळीचं पुढे काय करायचं असा विषय निघाला, तेव्हा मला गप्प बसवलं नाही.

सूचना दोन होत्या. एक, तिथे तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे मंडळीत आत्मिक जागृती यावी म्हणून मोठी सभा, घ्यावी, मोठा मंडप घालावा, बाहेरून नावाजलेला वक्ता आणावा. दुसरी, एवढ्याशा मंडळीला वेगळं ठेवण्यात अर्थ नाही, दर रविवारी टेम्पो पाठवून सगळ्यांना शहरातच आणावं. दोन्ही सूचना करणारे लोक मनापासून बोलत होते. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. खेड्यातली लहान मंडळी बाहेरून जागी करता येत नाही. ती जागी होते तिच्या स्वतःच्या सभेत, तिच्याच माणसांनी एकमेकांसमोर बसून केलेल्या बोलण्यातून. हे मी कमिटीत नीट मांडू शकलो नाही, म्हणून लिहितो आहे.

असा मंडप तिथे एकदा घालून झालेला आहे. तीन वर्षांपूर्वी आजूबाजूच्या गावांतून पाचसहाशे माणसं आली होती. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, लोक रडले, हात वर झाले. मी तिथे होतो, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा सतरंजीवर अकरा जण होते. बावीसचे अकरा. मंडपाच्या खर्चाचा हिशेब कुणाला दाखवला गेला नव्हता. जेवणाच्या भाड्याच्या भांड्यांवरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. आणि तिथला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मोपदेशक, जो आठवडाभर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, त्याला वक्त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझ्या कमी विश्वासामुळे मंडळी वाढत नाही. त्या माणसाने पुढचे चार महिने उपदेश केला नाही. तो यायचा, मागे बसायचा, आणि गाणं झालं की उठून जायचा.

खरं दुखणं त्याहून जुनं होतं. दोन सख्खे भाऊ, बोअरच्या पाइपलाइनवरून वाकडं आलेलं. एक प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेण्याच्या विधीला, बसला की दुसरा उठून कडुलिंबाखाली जाऊन उभा राही. काही दिवसांनी ते सगळ्यांनाच अवघड वाटू लागलं, म्हणून प्रभुभोजन पुढे ढकललं, मग आणखी पुढे. चौदा महिने त्या मंडळीत भाकर मोडली गेली नाही. मंडपात तीन दिवस संजीवनावर बोलणं झालं, या चौदा महिन्यांबद्दल एक शब्द निघाला नाही. कसा निघेल? बाहेरून आलेल्या माणसाला तो पाइप कुठून कुठे जातो हे माहीतच नव्हतं.

लहान मंडळीला धीर देताना आपण एक वचन हमखास वापरतो, दोघे किंवा तिघे प्रभूच्या नावाने जमतात तिथे तो त्यांच्यामध्ये असतो. मीही ते कितीदा म्हटलं आहे. पण ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातलं विसावं वचन आहे, आणि पंधराव्यापासून वाचत आलं तर विषय उपस्थितीचा नसून भांडणाचा आहे. भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जा, त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. ते दोघे-तिघे म्हणजे रुसलेल्या भावाच्या दारात उभे राहिलेले दोघे-तिघे. चारही शुभवर्तमानांत ‘मंडळी’ हा शब्द येतो फक्त दोन अध्यायांत, आणि दोन्ही मत्तयात. एका ठिकाणी खडकावर मंडळी रचण्याचं वचन आहे, दुसऱ्या ठिकाणी हा भावाभावांचा तंटा. हे लक्षात आलं तेव्हापासून कुणी आत्मिक जागृतीबद्दल बोलू लागलं की मी मनात विचारतो, तुमच्याकडे कोण कुणाशी बोलत नाही?

बॅप्टिस्टांकडे या कामासाठी एक साधन पहिल्यापासून आहे, आणि आमच्या कमिटीतल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नव्हतं. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. यातून पुढची गोष्ट आपोआप येते. मंडळीतला प्रत्येक सभासद स्वतः बोलून आत आलेला असतो, म्हणून मंडळीच्या सभेत प्रत्येकाला बोलण्याचा हक्क असतो. वर बिशप नाही. पाळक कोण, पैसे कुठे, कुणाला आत घ्यायचं, कुणाला समज द्यायची, हे ती मंडळीच ठरवते. जॉन स्मिथने १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये अशी पहिली मंडळी उभी केली, आणि त्याचा सोबती थॉमस हेल्विस याने १६१२ मध्ये इंग्लंडच्या राजाला छापून सांगितलं की प्रजेच्या आत्म्यावर तुझी सत्ता नाही. पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, कुणाच्याही नाही. त्याबद्दल तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला.

खेड्यापाड्यांतल्या आपल्या मंडळ्यांत ही सभा आज नावालाच उरली आहे. वर्षातून एकदा, तीही हिशेबाच्या कागदावर सह्या घ्यायला. बाकी सगळं एका घराण्याच्या किंवा दूरच्या एखाद्या संस्थेच्या हातात.

लहान, गरीब, खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी काय केलं होतं याची एक गोष्ट मी त्या खोलीत एकदा सांगितली होती. १७८४ सालची. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर भागातल्या मंडळ्या आटत चालल्या होत्या. ओल्नी गावचा पाळक जॉन सटक्लिफ याने सुचवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी प्रत्येक मंडळीने एक तास जमून प्रार्थना करावी, आणि ती फक्त स्वतःसाठी नाही, सगळ्या मंडळ्यांसाठी. वक्ता नाही, वर्गणी नाही, फक्त एक तास. हे वर्षानुवर्षं चाललं. त्याच भागात मोल्टन नावाच्या खेड्यात एक तरुण पाळक होता, पगार पुरत नाही म्हणून जोडे शिवायचा आणि शाळा चालवायचा. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगला एका विधवेच्या घरातल्या मागच्या खोलीत या मंडळ्यांची काही माणसं जमली आणि तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स एवढ्या वचनाच्या रकमेवर बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. वचनाच्या चिठ्ठ्या गोळा केल्या त्या एका पाळकाच्या तपकिरीच्या डबीत.

तो जोडे शिवणारा पाळक म्हणजे विल्यम केरी. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकालाही हे नाव परकं नसावं. मराठीचं छापील व्याकरण त्याने १८०५ मध्ये श्रीरामपूरहून काढलं, आणि मराठी नवा करार तिथूनच १८११ मध्ये छापून आला. बंगालात बसून, वैजनाथ नावाच्या पंडिताच्या मदतीने. आपल्या छापील गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पानांमागे एका खेड्यातली महिन्याची एक तासाची बैठक आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोष्ट ऐकून तिथला पाळक एवढंच म्हणाला, “पहिला सोमवार आपल्यालाही जमेल.”

जमलं ते मात्र एका म्हाताऱ्या बाईमुळे. तिला सगळे मोठीआई म्हणतात. वाचता येत नाही, पण गाणी शंभरावर पाठ. पहिल्या सोमवारी रात्री नऊला, शेतावरून परतल्यावर, कडुलिंबाखाली सगळे जमले. प्रार्थना झाली आणि उठायच्या आत ती म्हणाली, “वही वाचा.” कसली वही? अर्पणाची. वही सापडायलाच पुढचा महिना उजाडला. दुसऱ्या सोमवारी ती वाचली गेली, वर्षाचे अकराशे चाळीस रुपये कुठे गेले ते सगळ्यांनी ऐकलं. घोटाळा काही नव्हता, पण आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने वाचलं गेलं. तिसऱ्या सोमवारी तिने दोन्ही भावांची नावं घेतली. धाकटा बोलला, थोरला उठून निघून गेला. मला वाटलं, संपलं. चौथ्या सोमवारी थोरला आला नाही, त्याची बायको आली. तिने सांगितलं की पाइप बांधावरून घ्यायला आमची ना नाही, पण खर्च अर्धा अर्धा. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन झालं. थोरला आला, दाराजवळ बसला, भाकर घेतली.

ते दोघे भाऊ आजही फारसे बोलत नाहीत. मंडळी आज पुन्हा बावीसच आहे, एकही नवा माणूस आलेला नाही. तरी मी याला संजीवन म्हणतो, आणि हा शब्द मी जपून वापरतो. पाळक पुन्हा उपदेश करू लागला आहे. वाघोडियाच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तीन पोरांना रविवार मिळत नाही म्हणून सभेने उपासना शनिवारी रात्री आठला नेली, आणि ती पोरं परत आली. ज्या बायका कधी तोंड उघडत नव्हत्या त्यातली एक आता शास्त्रवाचन करते. शेजारच्या एका हिंदू कुटुंबातल्या म्हाताऱ्याला पाय सुजल्यावर सयाजी हॉस्पिटलमध्ये आठवड्याला न्यायचं होतं, तर ती पाळी मंडळीने वाटून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, सभेत विषय निघाला एवढंच.

आता टेम्पोची सूचना. ती दयाळूपणाची आहे, म्हणूनच मला तिची जास्त काळजी वाटते. शहरातल्या आमच्या उपासनेत अडीच-तीनशे लोक असतात. ही बावीस माणसं मागच्या बाकांवर बसतील, गाणी पडद्यावर वाचतील, आणि उपासना संपल्यावर टेम्पोची वाट पाहत उभी राहतील. मोठीआई आमच्या सभेत “वही वाचा” म्हणेल का? तिला कुणी बोलूही देणार नाही. खेड्यात तिच्याविना गाणं सुरू होत नाही. ढोलकी वाजवणारा पोरगा, सतरंजी झाडणारी मुलगी, कुलपाची किल्ली ज्याच्या घरी असते तो, सगळ्यांना काम आहे. शहरात आणलं की बावीस सेवकांचे बावीस श्रोते होतात. शिवाय त्या म्हाताऱ्याला हॉस्पिटलला कोण नेणार? मंडळी ज्या गावात राहते त्या गावाची असते.

पैशाबद्दल थोडं उघडपणे बोललं पाहिजे, कारण आपल्या समाजात ते बोललं जात नाही. या पाळकाला पूर्वी एका संस्थेकडून महिन्याला काही मानधन यायचं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे देणं बंद झालं, आणि देशभरातल्या कितीतरी लहान मंडळ्यांसारखा इथलाही ओघ आटला. त्या दुरुस्तीने पुष्कळ चांगली कामं बुडाली, दवाखाने, वसतिगृहं अडचणीत आली, आणि ते अन्यायाचं झालं असं माझं मत आहे. पण बाहेरून येणाऱ्या मानधनाने आमच्या मंडळ्यांना काय शिकवलं होतं? की पाळक त्यांचा, खोली त्यांची, जबाबदारीही त्यांची. नगरच्या मराठी मिशनची वरची संस्था अमेरिकन बोर्ड. तिचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन सांगून गेले होते की इथली मंडळी स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी आणि स्वतः वाढणारी हवी. पावणेदोनशे वर्षं होत आली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा आपला स्वतंत्र भक्तसमुदाय मांडला, तोही याच तळमळीतून.

वडोदऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांची योजना आखली. पैसा राज्याकडे होता, सगळं फुकट देता आलं असतं. पण नियम असा केला की गावाने आधी आपली वर्गणी जमवायची, मग तेवढेच पैसे प्रांत पंचायत देईल आणि तेवढेच सरकार. वाचनालय गावाचं झालं पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज आपल्याच दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात कितीतरी मराठी भजनी मंडळं आणि वाचनालयं ओस पडत आहेत, तिथेही हाच प्रश्न आहे. अनुदान आहे, कपाटं आहेत, आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लहान गावातली सभा म्हणजे पुष्कळदा दोन दांडग्या घरांची सभा. बायका मागे, धाकटे गप्प. सभेच्या नावाखाली माणसाला वाळीत टाकल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत. प्रेमाने समज द्यायची ती शिक्षा होऊन बसते. म्हणून मोठीआईने मागितलेली वही मला फार मोलाची वाटते. आधी हिशेब, मग भांडण. जिथे पैशाची वही सगळ्यांसमोर उघडते तिथे दांडग्याचा आवाज थोडा खाली येतो. आणि बायकांना पहिलं बोलू द्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. आपल्या मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं संजीवन १९०५ च्या जूनमध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात झालं, आणि ते मुली-बायकांत झालं. लोकांना त्यातले अश्रू आठवतात. पण त्याआधी कित्येक महिने त्या रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि नंतरही विणकाम, शेती, छापखाना सगळं त्यांच्याच हातांनी चाललं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्या छापखान्यातच छापलं गेलं.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो. खेड्यात चर्च जागं होणार म्हणजे धर्मांतर वाढणार, असं ऐकू येतं. गुजरातमध्ये २००३ पासून कायदा आहे, धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. माणसाने देवाकडे जाताना कचेरीची परवानगी घ्यावी हे मला पटत नाही, आणि हेल्विस ज्यासाठी तुरुंगात गेला ते हेच होतं. पण राजाने आत्म्यावर हात ठेवू नये असं म्हणणाऱ्याने स्वतः तांदळाच्या गोणीने आत्मा विकत घेऊ नये, हेही त्याच विश्वासातून येतं. बॅप्टिस्टांच्याच इतिहासात याचं उदाहरण आहे. आंध्रात ओंगोलला १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा जॉन क्लाउ या मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन हजारोंना काम दिलं. पण मदत चालू होती तोवर त्याने बाप्तिस्मे बंद ठेवले. लोक मागत होते, तरी तो देईना. मदतीचे पैसे संपल्यावर, आता काही मिळणार नाही हे सगळ्यांना कळल्यावर, त्याने दार उघडलं. ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. आकडा सगळे सांगतात, आधीचे बंद महिने कुणी सांगत नाही. माझ्या लेखी त्या महिन्यांची किंमत जास्त आहे.

आमच्या त्या खेड्यातल्या सभा कडुलिंबाखाली होतात, दार लावून नाही. रस्त्यावरून जाणारा थांबून ऐकू शकतो, आणि ऐकतातही. सरपंचही एकदा बसून गेले. गावाला कळलं आहे की ही माणसं तिथे एकमेकांचे अपराध कबूल करतात आणि पैशाचा हिशेब वाचतात. त्यानंतर कुजबुज बरीच कमी झाली.

आमच्या कमिटीने मंडपासाठी चाळीस हजारांचा अंदाज काढला आहे, टेम्पोचा महिन्याचा खर्च वेगळा. निर्णय व्हायचा आहे. दरम्यान त्या मंडळीकडून एक पत्र आलं आहे, पाळकाच्या अक्षरात, खाली सगळ्यांच्या सह्या आणि मोठीआईचा अंगठा. हार्मोनियमचा भाता बदलायला दुरुस्तीवाल्याने २,४०० रुपये सांगितले आहेत. सभेने १,६०० जमवले. उरलेले ८०० आमच्या मंडळीने द्यावेत, आणि शक्य असेल तर येत्या पहिल्या सोमवारी आमच्यातल्या दोघा-तिघांनी ते घेऊन स्वतः यावं, रात्री नऊला, असं त्यात लिहिलं आहे.